पाण्याचा आकडा



नागपूरला समुद्र नाही. पण धक्का आहे, रेल्वेचा मालधक्का, आणि त्या धक्क्यावर मी हमाल आहे. रेक लागली की मुकादम हाक मारतो, वॅगनचं दार सरकतं आणि आत युरियाची पोती थप्पी मारून बसलेली असतात. पूर्वी पोतं ५० किलोचं होतं. २०१८ साली सरकारने ४५ चं केलं. हमालाची पाठ हलकी व्हावी म्हणून केलं असं कोणी समजू नये. शेतकरी किलो मोजत नाही, पोती मोजतो. पोतं लहान केलं की युरिया आपोआप कमी पडेल, असा दिल्लीचा हिशोब होता.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर जातो. पाठीवरचं पोतं ४५ चं. आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट किती चालतं, तर एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. भारतीय मानक ब्युरोचा नियम आहे, आयएस १०५००, सन २०१२. त्याच्यावर सूट नाही. क्षार, कडकपणा यांच्या बाबतीत कुठे कुठे 'दुसरा स्रोत नसेल तर इतकं चालेल' असं लिहून ठेवलंय. नायट्रेटला तशी पळवाट ठेवलेली नाही. या तीन पंचेचाळीसांपैकी दोन मला अंगावर कळतात. तिसरा कळत नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. गार, गोड, काचेसारखं नितळ पाणी असतं ते. पाहुण्याला तांब्या भरून द्यावा असं.

मी मॅट्रिक. पण गणित येतं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका पोत्यात २० किलो ७०० ग्रॅम. हे सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं तर ९१ किलोच्या वर नायट्रेट. त्याला ४५ मिलिग्रॅमने भागा. कोरं करकरीत २० लाख लिटर पाणी हद्दीपर्यंत आणून सोडायला एक पोतं पुरतं. दहा हजार लिटरचे २०० टँकर. सगळं उतरत नाही, मान्य. काही पीक खातं, काही हवेत उडतं. पण आपल्याकडे शेतात टाकलेल्या नत्रातलं निम्मं, कुठे कुठे निम्म्याहून जास्त, पिकाला लागतच नाही, असं शेतीचे शास्त्रज्ञच सांगतात. आणि देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांच्या वर युरिया खपतो. मी एका पाळीत किती पोती वाहतो ते इथे लिहीत नाही, मुकादम वाचेल.

म्हणजे शेतकऱ्याला शिव्या घालायच्या का? मुळीच नाही. पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. दुसरं खत महाग, शेणखत विकत घ्यायची ऐपत नाही, जमीन ठोक्याची. असा माणूस युरिया नाही तर काय टाकेल? आणि काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बगीचेवाल्याचा आणि दोन एकर ठोक्याने करणाऱ्या आपल्या माणसाचा गुन्हा एकच, असं म्हणणारा एक तर बावळट असेल नाही तर बगीचेवाला.

आता माझ्या दारातलं सांगतो. आमचा लेआउट गुंठेवारीतला. नळ उशिरा आला आणि उन्हाळ्यात त्याला धाप लागते, म्हणून अर्धी वस्ती सार्वजनिक बोरिंगवरच आहे. दोन वर्षांखाली आम्ही चार पोरांनी बाटली भरून तपासायला दिली. कागद आला. नायट्रेट हद्दीच्या कितीतरी वर, आणि खाली शेरा: पिण्यास अयोग्य. कागद घेऊन एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, कारण शेजारच्या कचेरीत गेलो असतो तरी हेच झालं असतं. साहेब म्हणाले, लेखी द्या. दिलं. महिन्याभराने एक माणूस डबा आणि ब्रश घेऊन आला, बोरिंगला लाल रंग मारला, वर 'पाणी पिण्यायोग्य नाही' लिहिलं आणि गेला. पिण्यायोग्य पाणी कुठलं, ते टेबल वेगळं! शेजारची बुढी त्या रंगाकडे पाहत म्हणाली, "याच्यातलं पेऊ नोका म्हन्ते, मंग कोन्त्यातलं पेवाचं ते काहून नाई लिवलं?" पहिल्या पावसाळ्यात अक्षरं गेली, दुसऱ्यात रंग गेला. बोरिंग चालू आहे.

एका बोरिंगची तक्रार असती तर मी या पानांची जागा खाल्ली नसती. केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल बघा. २०१७ साली ३५९ जिल्ह्यांत नायट्रेट हद्दीवर सापडलं होतं, २०२३ साली ४४० जिल्ह्यांत. देशातल्या निम्म्याहून जास्त जिल्ह्यांत. महाराष्ट्रात तपासलेल्या दर १०० नमुन्यांत ३५ च्या वर नमुने नापास. देशातले १५ जिल्हे जास्त बिघडलेले म्हणून निवडून काढलेत, त्यात सात आपल्या महाराष्ट्राचे, आणि त्या सातांत चार विदर्भाचे: वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा. नागपूर त्या पंधरात नाही म्हणून कोणी मिशीला पीळ देऊ नये. नायट्रेट हद्दीवर सापडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत नागपूरही आहे. आणि पाण्याचं शास्त्र शिकवणारी देशाची संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात उभी आहे, दीक्षाभूमीहून फार लांब नाही. म्हणजे माहिती नव्हती, हे कारण निदान नागपूरच्या साहेबाने सांगू नये.

मग कळत असून हलत कोणी का नाही? मला विचाराल तर कारण जुनं आहे. चवदार तळ्याची गोष्ट आपल्या पोरांना तोंडपाठ आहे, पण अर्धीच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यालं, हजारो लोक प्याले, मग सवर्णांनी हल्ला केला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगताना लोक हसतात आणि सोडून देतात. आपल्या स्पर्शाने तळं बाटलं म्हणून भटाभिक्षुकांनी ते शुद्ध करून घेतलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही. मंत्र म्हणत तळ्यात कालवलं.

हसून सोडू नका. रसायनाच्या हिशोबाने बघा. मूत्रात युरिया असतो, मग ती गाय कितीही पवित्र असो. शेणात नत्र असतं. पाण्यात आणि मातीत जंतू त्याचा अमोनिया करतात, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. माझ्या पाठीवरच्या पोत्यात जो युरिया आहे तोच. आपण ओंजळ लावली तर तळं बाटलं, त्यांनी मूत कालवलं तर तळं शुद्ध! विटाळ मोजायला या देशाकडे किती बारीक मापं होती ते आठवा. माणसाची सावली मोजली. पावलाचं अंतर मोजलं. गळ्यात मडकं अडकवून थुंकीचा थेंब मोजला. खरं विष मोजायची वेळ आली तेव्हा किट संपलेलं असतं, आणि केमिस्टची जागा रिकामी असते.

आणि हे विष कोणाच्या वाट्याला जास्त येतं? सगळ्यांच्या येतं, असं पुस्तकी माणूस म्हणेल, कारण नायट्रेट जात विचारत नाही. बरोबर आहे. पण नायट्रेट उतार विचारतं. ते पाण्याबरोबर वाहतं. आणि गावगाड्याने आपल्याला कुठे बसवलं? गावकुसाबाहेर, बहुतेक ठिकाणी गावाचं सांडपाणी जिकडे जातं त्या अंगाला. उकिरडे तिकडे, गावाची नाली तिकडे, आणि आपली वेगळी विहीरही तिकडेच. वेगळी विहीर त्यांच्या धर्माने दिली, तिच्यातलं नायट्रेट त्या जागेने दिलं.

शहरात आलो तरी उतार सुटला नाही. नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी या एका बाबतीत बरं असतं, नदी-धरणाच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी. ज्याच्या घरी ते भरपूर येतं त्याने हा लेख वाचून झोपावं. ज्याला ते पुरत नाही तो बोरिंगवर जातो: कडेचे लेआउट, वीटभट्ट्या, बांधकामावरच्या टिनाच्या खोल्या, नाल्याकाठच्या वस्त्या. तिथे युरिया पोत्यातून येत नाही, संडासातून येतो. प्लॉट एवढासा, एका कोपऱ्यात संडासची टाकी, तळ बांधलेलाच नाही, पाणी जमिनीत मुरतं म्हणून मालक खूश, उपसायला पैसे लागत नाहीत. दुसऱ्या कोपऱ्यात बोरिंग. समोर गडर लाइन, ती फुटलेली. शहराच्या पश्चिम भागात खाली काळा पाषाण आहे, भेगाभेगांचा. भेगेतून जाणारं पाणी मातीतून गाळून जात नाही, सरळ उतरतं. स्वच्छ भारतमध्ये २०१४ पासून संडास बांधले, चांगलं केलं, माय-बहिणींची अब्रू वाचली. पण खड्डा खणताना विहीर किती लांब आहे हे किती ठिकाणी पाहिलं? खड्ड्याचा फोटो काढला, अनुदान उचललं.

नाग नदीचं तर बोलूच नये. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की नागपूर निवडलं ते नाग लोकांची भूमी म्हणून. त्यांच्या नावाची ही नदी. आज तिच्या काठाने जाताना नाक धरावं लागतं. तिच्या शुद्धीकरणाच्या योजनेचे आकडे दोन हजार कोटींच्या घरात गेले. नदीत जे वाहतं ते कन्हानमार्गे वैनगंगेला आणि गोसीखुर्दला जाऊन भिडतं. भंडाऱ्याच्या माणसाला नागपूर काय पाजतं ते तिथे जाऊन विचारा.

आता रक्ताकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहतं. आमच्यासारखंच हमाल आहे ते. नायट्रेट पोटात गेलं की जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट या हमालाचे हात असे आखडवतं की तो प्राणवायू उचलूच शकत नाही. मेथेमोग्लोबिन म्हणतात त्याला. मोठ्या माणसाच्या अंगात ते परत सरळ करणारी यंत्रणा असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती पुरती तयार नसते, त्याच्या पोटात आम्लही कमी, म्हणून जंतू फावतात. १९४५ साली अमेरिकेत आयोवामध्ये हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरने हे पहिल्यांदा पकडलं. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलेली बाळं निळी पडत होती. तेव्हापासून नाव पडलं 'ब्लू बेबी', निळं बाळ.

निळं! आयोवाच्या गोऱ्या बाळाच्या अंगावर निळं दिसलं म्हणून रोगाचं नाव निळं. आपलं बाळ काळंसावळं. त्याच्या अंगावर निळं दिसणार कसं? ओठाच्या आतून, जिभेवर, नखांखाली पाहावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कोणाला असतो? करोनात घरोघरी आलेलं ते बोटाचं यंत्र, तेही या रोगात खरं सांगत नाही. रक्त काढलं तर चॉकलेटी दिसतं, पण ते बघून कोणाच्या तरी डोक्यात पाण्याचा विचार यायला हवा. नाही तर बाळ 'न्यूमोनियाने' गेलं असं कागदावर लागतं आणि बोरिंग निर्दोष सुटतं.

आईच्या दुधात हे नायट्रेट फारसं उतरत नाही, म्हणून अंगावर पिणारं बाळ सुरक्षित. पण अंगावर पाजायला आई घरी असावी लागते. बाळंतपणाच्या दुसऱ्या महिन्यात जी धुण्याभांड्याला किंवा टोपली उचलायला जाते, तिचं बाळ आजीजवळ बाटलीवर असतं. आजी पाणी उकळून घेते, डॉक्टरने सांगितलंय म्हणून. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, ते जिवंत नाहीच. पाणी आटतं आणि नायट्रेट दाटतं. लिटरचं अर्धा लिटर झालं तर आकडा दुप्पट. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकून जातो, त्यानेही नायट्रेटचं काही होत नाही. तुरटीने नाही, फडक्याने नाही, मेणबत्तीच्या फिल्टरने नाही.

आणि सिकलसेल. विदर्भात आपल्या माणसांत आणि आदिवासींत सिकलसेल किती आहे हे मेयो-मेडिकलच्या वऱ्हांड्यात एक दिवस बसलं तरी कळतं. त्या पोरांचं हिमोग्लोबिन मुळातच कमी. आपल्या बायकांत रक्त कमी असणं तर रीतच झाली आहे. ज्या टोळीत वीस हमाल आहेत तिथे दोघे बसले तर माल उतरतो. ज्या टोळीत दहाच आहेत तिथे दोघे बसले तर? ॲनिमियावाल्याला मेथेमोग्लोबिन लवकर बाधतं, हे डॉक्टरी पुस्तकात आहे. ४५ चा आकडा धडधाकट रक्त धरून पुरेसा असेल. आपल्या रक्ताचा हिशोब कोणी केला?

मोठ्यांना काय होतं, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत आणि मी खोटं भय घालणार नाही. कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने २०१० साली सांगितलं की पोटात नायट्रेटची विशिष्ट संयुगं बनतील अशा स्थितीत ते 'बहुधा कर्करोगकारक' आहे. डेन्मार्कमध्ये २७ लाख माणसांवर पाहणी झाली, २०१८ साली छापली. आतड्याच्या कर्करोगाचा धोका लिटरला चार मिलिग्रॅमच्या आसपासपासूनच वाढलेला दिसला. आपल्या हद्दीच्या दहाव्या भागाहून कमी. एका पाहणीने सिद्ध होत नाही. पण तिथे २७ लाखांची नोंद तरी आहे. पाण्याचे नियम बसवताना मोठा माणूस दिवसाला दोन लिटर पितो असं धरायची पद्धत आहे. मे महिन्यात धक्क्यावर दोन लिटर मी दहा वाजायच्या आत पितो.

इथवर आलो की आपल्यातलाच एक पुढारी बोलतो. "काहून बे, अट्रॉसिटी होऊन राह्यल्या, आरक्षण चाललं, अन् तू नायट्रेट घेऊन बसला?" त्याला कायदाच दाखवतो. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, कलम ३. अनुसूचित जाती-जमातीची माणसं नेहमी वापरतात ते पाणी घाण करणं, वापरायला कमी लायक करणं, हा त्यात अत्याचार म्हणून लिहिलेला गुन्हा आहे. भाऊ, तू ज्या कायद्यासाठी मोर्चा काढतो त्याच्यातच आपलं पाणी आहे. अडचण एवढीच की कायद्याला हात दिसावा लागतो. विहिरीत कोणी काही टाकलं तर हात दिसतो. दहा वर्षं फुटलेल्या गडर लाइनला हात नाही, बिनतळाची टाकी मंजूर करणाऱ्या सहीला हात नाही. १४ एप्रिलला तू पाणपोई लावतो, तुझ्या फोटोचा फलक मडक्याहून मोठा. त्या मडक्यातल्या पाण्याचा नायट्रेट किती, सांग.

आणि मग येतो जारवाला. आरओचं पाणी, वीस लिटर, तीस रुपये. आरओने नायट्रेट निघतं, हे खरं. म्हणून तर धंदा जोरात. पण एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर टाकून द्यावं लागतं, आणि टाकलेल्या पाण्यात नायट्रेट आणखी दाट असतं, ते जातं नालीत, नालीतून जमिनीत, जमिनीतून शेजारच्या बोरिंगमध्ये. ज्याच्याकडे तीस रुपये आहेत त्याचं विष ज्याच्याकडे नाहीत त्याच्या बोरिंगमध्ये ओतण्याचं यंत्र आहे हे. शिवाय जारवाल्याकडे चाचणीचा कागद मागा, तो तुमच्याकडे असं बघेल की तुम्ही त्याची जात विचारली.

युरियाच्या पोत्यावर एक सूचना छापलेली असते: हुक लावू नका. आम्ही हुकाला आकडा म्हणतो. आकडा लावला की पोतं फाटतं आणि आतला माल बाहेर येतो, म्हणून मनाई. कचेरीलाही नेमकी तीच भीती आहे. म्हणून सांगतो, आकडा लावा.

मोर्च्याआधी बाटली. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची. बोरिंग आधी दोन-चार मिनिटं हापसा, मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट. ऊन लागू देऊ नका, त्याच दिवशी पोचवा. भूजल सर्वेक्षणाच्या किंवा सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि अर्जात 'नायट्रेट' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहा, नाही तर ते जंतूंची चाचणी करून 'योग्य' म्हणून परत पाठवतील. काळी पडणारी छोटी बाटली फक्त जंतू सांगते, तिच्यावर समाधान मानू नका. ग्रामपंचायतीचं हिरवं कार्ड दाखवलं तरी मानू नका, ते स्रोताच्या आजूबाजूच्या स्वच्छतेचं कार्ड आहे. पोच घ्या. कागद आल्यावर 'योग्य-अयोग्य' सोडा, आकडा बघा, आणि तो ४५ मिलिग्रॅम नायट्रेटच्या हिशोबाचा आहे की नुसत्या नत्राच्या, हेही विचारा. नत्राच्या हिशोबात हद्द दहाच्या आसपास येते, साहेब तिथे फसवतात. मग विहाराच्या भिंतीवर खडूने लिहा: कुठलं बोरिंग, कुठली तारीख, नायट्रेट किती. ज्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे त्या घरी हा आकडा त्याच संध्याकाळी तोंडाने सांगून या, आणि त्या बाळापुरतं नळाचं पाणी कोणाच्या घरून येणार ते तिथेच ठरवा. पावसाळा संपला की पुन्हा बाटली भरा.